तापलं की हलवायचं

३ जून
आलो बुवा एकदाचा! किती गावं, किती नोकऱ्या, सगळीकडून फिरून शेवटी ताईच्या घरी. तिला सातवा महिना. दारातच हसता हसता रडली. दाजींनी त्यांच्याच कंपनीत चिकटवलंय. गारेगार केबिनमध्ये बसून स्क्रीनवरचा एक आकडा बघायचा, बस. मेहुणे, बसून खायची सवय आहेच तुम्हाला, म्हणाले. चहाचं मशीन फुकट आहे. कपाला भोक होतं, ते वेगळं.

५ जून
दाजींनी काम समजावलं. माझ्यासमोरचा कॉम्प्युटर खरा नाहीच. पलीकडच्या खोलीतल्या खऱ्या मशीनच्या पोटात तो नुसता प्रोग्राम बनून राहतो. ते मशीन यजमान, हा पाहुणा. यजमान किती तापलाय हे पाहुण्याला आतून कळत नाही, म्हणून यजमानच त्याला आकडा कळवत राहतो. फारच तापला तर पाहुण्याला दुसऱ्या मशीनवर हलवायचं आणि जुनं बंद करायचं. ताई म्हणाली, माझ्यासारखंच की! फक्त माझ्या पाहुण्याला कुठे हलवता येत नाही. पोट धरून हसलो.

९ जून
ताईला ताप. उशाशी बसून माझंही अंग मोडून आलंय. एरवी साठीत असणारा आकडा आज अडतीस. दाजी म्हणाले, कमी झाला ना, मग डोकं खाऊ नकोस.

१० जून
ताईचा सेल्सिअसवाला थर्मामीटर एकोणचाळीस, फोनवर विचारत असतो. स्क्रीनवरही एकोणचाळीस. तिने गोळी घेतली की दोन्ही उतरतात, चढले की दोन्ही चढतात. दाजींना सांगितलं, तर म्हणे झोप काढ जरा. त्यात आकडा एवढा कमी असूनही स्क्रीनचं दिवसभर पीं पीं : कुठे हलवायचं, नाव द्या. कंटाळून चौकटीत माझंच नाव ठोकलं. गप्प बसलं एकदाचं.

११ जून
ताप चाळीसवर गेला आणि झर्रकन उतरला. स्क्रीनवर : पाहुणा हलवला.
ताई म्हणते, पोट हलकं लागतंय. बाळ हलत नाही. डॉक्टरीणबाई कितीतरी वेळ कानाला नळी लावून बसल्या.
मला कणकण.

१२ जून
आकडा अडतीस. माझ्या काखेतही अडतीस. बेंबीखाली, आतून — लाथ.

दुपार
एकोणचाळीस. पुन्हा पीं पीं. दुसरं नाव मागतंय. तिचं बाळ तिला परत — ताईचं नाव टाकलं.
उत्तर आलं : ते मशीन बंद केलं आहे.
घरी फोन लावलाय, दाजी आज तिच्यापाशीच थांबलेत. वाजतोय नुसता. दाजी, उचला — ताई, कुणीतरी —