मंगलला ऐकू येतं ते

३ नोव्हेंबर, सोम.
गेवराईहून दिलीपचा फोन. माझा जुना विद्यार्थी, आता मेडिकलचं दुकान. नवं घर बांधलंय. गाण्यासाठी माझ्याकडे आहेत तसे मोठे स्पीकर घ्यावेत की फोनवर चालणारा छोटा पुरे, ठरेना. "सर, रविवारी नांदूरघाटला येतो. तुमचा कान म्हणेल ते घेतो." माझा कान! छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

४ नोव्हें.
सगळं झाडूनपुसून घेतलं. अ‍ॅम्प्लिफायर शाळेत शिकवायचो तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेत मी स्वतः जोडलेला, अजून ठणठणीत. बायको, मंगल, शेजारी भाजी निवडत होती. म्हणाली, "आदी डाव्या स्पीकरचं बगा. पोळ्यापासून तिकडून झांजा वाजतच न्हाईत."
उघडला. आतल्या बारीक, उंच सुरांच्या छोट्या स्पीकरची तार सुटलेली.
"मग बोलली का नाहीस?"
"तुमी डोळे मिटून वा वा म्हणत होता. मी काहून मदी बोलू?"

५ नोव्हें.
तार सोल्डर केली. तेच गाणं लावलं. काही फरक नाही. मग मुद्दाम उजव्याचीही तीच तार काढली. तरी फरक नाही.
तार परत जोडून ठेवली, गाणं बंद केलं.

६ नोव्हें.
जेवण गेलं नाही. फोनवर कान तपासायची सोय आहे, शिट्टी सुरानं चढत बारीक बारीक होत जाते. माझी मध्येच संपली. म्हटलं फोन बिघडला. तेवढ्यात मंगल पिठाच्या हातानं आत. "बंद करा की ती शिट्टी! डोकं उठलं."
खोलीत मला काहीच ऐकू येत नव्हतं.
किती वर्षं चाललंय हे? पल्लवीनं पुण्याहून पाठवलेला छोटा स्पीकर मी पत्र्याचा डबा म्हणून स्वयंपाकघरात टाकला. लेकीला वाईट वाटलं असणार. आणि मी कशाच्या जोरावर...

७ नोव्हें.
बीडला कानाच्या डॉक्टरकडं जायचं म्हणून निघालो. स्टँडवर दोन गाड्या सोडल्या, घरी आलो. मंगलला सांगितलं, गर्दी होती. भीती वाटते. दिलीपला येऊ नको म्हणावं, तर कारण काय सांगू?

९ नोव्हें., रवि.
दिलीप आला. एकच गाणं आधी छोट्यावर, मग मोठ्यांवर. मग माझ्या तोंडाकडं बघत बसला. "सांगा सर."
म्हटलं, "काकूंना विचार."
त्याला चेष्टा वाटली. मंगल पदराला हात पुसत आली, उभ्यानंच पुन्हा दोन्ही ऐकलं. "छोटा लई सोयीचा हाय. गाणं सगळं येतं. पर मोठ्यात बाई गायच्या आदी श्वास घेती, त्ये बी येतं. मी रोज भाकरी टाकताना ऐकती. छोट्यात ती बाई घरात आल्यावानी वाटत न्हाई."
मला वाटायचं, हिला नुसता गोंगाट. इतकी वर्षं मी खुर्चीत ऐटीत, आणि खरं ऐकणारी चुलीपाशी. लाज वाटली. आणि हेवाही, तो जास्त.
दिलीप मोठेच घेणार म्हणून खुशीत गेला. "शेवटी सरांचं घर, काकूंचाही कान तयार!" मी हसलो, त्याला काही सांगितलं नाही.
त्याची गाडी वळल्यावर मंगल दारातूनच म्हणाली, "आता खरं सांगा. तुमाला कितपत ऐकू येतं?"
मी ऐकू न आल्यासारखं करून वायर गुंडाळत बसलो. ती जवळ आली आणि तेच पुन्हा, मोठ्यानं विचारलं.