यंत्राला लावलेलं कुंकू

२ ऑक्टोबर, दसरा. दुपारी
टक्-टक्, टक्-टक्. शिरपूरच्या शाळेत गुरुजी टेबलावर पट्टी आपटायचे अन् त्या ठेक्यावर आम्ही चाळीस पोरं कविता म्हणायचो. पुढे सुरतेत एकतीस वर्षं कापडाचा लूमही त्याच ठेक्यात चालला. आता ज्या विमानतळावर कामाला आहे, तिथलं यंत्र मात्र मुकं. धावपट्टीच्या कडेला दोन खांब. एक उजेड फेकतो, दुसरा झेलतो, अन् वैमानिकाला किती लांबचं दिसेल त्याचा आकडा ऑफिसात उमटतो. मी भोवतालचं गवत कापतो. दसऱ्याला लूमची पूजा कधी चुकली नाही, मग यानं काय पाप केलं? काचेवर हळद-कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. यंत्र प्रसन्न दिसलं.

३ ऑक्टोबर
आभाळ लख्ख. यंत्र म्हणतं, दाट धुकं! विमान दोन घिरट्या घालून अहमदाबादला गेलं.
काच पुसायचं काम दत्तूचं. साहेबांनी विचारताच म्हणाला, "पुसायची राहिली, साहेब." काय सरळ माणूस! त्याला वाटतंय, खरंच राहिली. काचेवर आता टिळा नाही. वाऱ्यानं उडाला असेल. म्हणजे माझा संबंध नसूही शकतो.
तरी उद्या पहिलं काम: कबुली.

४ ऑक्टोबर
दत्तूला घरी बसवलं. कायमचं काढायचं का, ते मंगळवारी ठरणार. त्याची बायको कुसुम बाळंतपणाला टेकलेली.
केबिनपर्यंत गेलो. साहेब फोनवर. फोनवरच्या माणसाला कबुली देणं बरं दिसत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
कबुली पद्यात देणार. गद्यात भाव उतरत नाही.
'क्षमा करावी मज साहेबा,
मीच लाविला टिळा शुभा'
पुढे अडलो. 'दत्तू'ला यमक नाही. 'परंतु' बसतं, पण अर्थ बिघडतो.
सूनबाई मनीषा म्हणाली, "मामा, यमक नंतर. सासूबाईंचा कुंकवाचा करंडा देव्हाऱ्यात नाही. कुठं ठेवला?" म्हटलं, असेल घरातच. सुंदरा गेली तरी तो जागचा हलला नव्हता.

६ ऑक्टोबर
घसा बसलाय. रजा. जेवलो मात्र दोनदा.
चौथीत शाईची दौत मी सांडली, छड्या पंडितनं खाल्ल्या. त्यालाही दुसऱ्या दिवशी सांगणारच होतो.

७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ७
आज नक्की. धुतलेला सदरा, खिशात कविता. साहेब दहाला येतात. साडेनऊला निघालं तरी चालेल. साडेनऊला ऊन फार असतं, हेही खरं.

७.२०
दारावर थाप. साहेबांचा माणूस! मनीषाला म्हटलं, आजारी आहे म्हणून सांग. ती म्हणाली, "तुम्हीच या, मामा."
दारात दत्तू. माझ्या पाया पडला. म्हणाला, "काका, शुक्रवारी मी टिळा पुसला ना, तव्हा हे खांबापाशी पडेल व्हतं. वर काकूचं नाव कोरेल. साहेबले काही सांगू नका. या वयात कोण ठेवी तुमले?"
अन् रुमालाची गाठ सोडली. सुंदराचा करंडा.