करंजाखाली थांबणारी लॉरी

३० ऑक्टोबर १९६१

लॉरी आज पुन्हा तिथंच बंद पडली! दसऱ्यापासून चौथ्यांदा. यशवंतपूरहून सकाळी टाकी भरून कोलारला निघते, होसकोट्याच्या अलीकडे त्या करंजाखाली आचके देते नि थांबते. अर्ध्या तासानं पुन्हा सुरू. उमाजी हे शांतपणे सांगत होता. त्या शांतपणाचाच मला राग आला.

आषाढात मथुरेनं तिथंच प्राण सोडला — याच लॉरीत, इस्पितळात आणताना. माझी धाकटी बहीण, उमाजीची बायको. हमाल आता नको नको ते बोलतात. वीस वर्षं इंजिनं उघडतोय, मला भुतंखेतं सांगू नका! डिझेल पोचत नाही, एवढंच.

३१ ऑक्टोबर

फिल्टर बदलला. फीड पंप उघडला — व्हॉल्व्ह, स्प्रिंग ठाकठीक. पाइपात हवा नाही. प्रेशरचं गेज जोडलं. वर्कशॉपात तासभर इंजिन चालवलं तरी काटा ढिम्म.

मालक नरसिंहराव येऊन गेले. "जयसिंगराव, आणखी दोनदा बघतो. मग ड्रायव्हर बदलणार." लॉरी गेली तर उमाजी अंथरूण धरील. मथुरा गेल्यापासून धड जेवलेला नाही. माझ्या बहिणीची तेवढी एकच खूण राहिलीय.

१ नोव्हेंबर

थांबली.

२ नोव्हेंबर

आज गेज तसंच ठेवून मीही सोबत गेलो. सकाळचे दहा, लख्ख ऊन. मैल सरतील तसा काटा खाली. करंज दिसला नि शून्य! इंजिन गप्प. झाडाचं पान हलत नव्हतं.

उमाजी उतरला, वळसा घालून आला, माझ्या बाजूचं दार उघडून धरलं. म्हणाला, "स्वल्प सरका की, अण्णा."

"कशाला?"

"ती येऊन बसते. बोलते नि जाते."

हाताला काहीतरी काम हवं म्हणून उतरून टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स! कुणीतरी आत श्वास ओढून घेतला. झाकण हातातून पडलं.

मग डोक्यात उजेड पडला. श्वास कसला, हवा! झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते बुजलेलं — तेलात कालवलेल्या कुंकवानं. डिझेल कमी होईल तशी आत हवा शिरत नव्हती, मग पंपानं ओढायचं तरी काय? टाकी दर खेपेला काठोकाठ, म्हणून दर खेपेला तेवढ्याच मैलांवर बंद; अर्ध्या तासात थोडी हवा झिरपली की पुन्हा सुरू. खंडेनवमीला लॉरीची पूजा दरवर्षी मथुरा करायची, बॉनेटला नि चाकांना नेमकं बोट लावायची. यंदा मी केली. दिसेल तिथं कुंकू थापलं, झाकणावरसुद्धा. गाढव मी!

सुईनं भोक मोकळं केलं. उमाजी बघत राहिला.

"म्हणजे आता थांबणार नाही?"

"नाही."

"सरी, बरं," म्हणाला. दार हळूच लावून घेतलं. इतके दिवस मी त्याला बेफिकीर समजत होतो, तो तर तिची वाट बघत होता! घरी येऊन जेवलो नाही. नरसिंहरावांना मात्र निरोप धाडला — दोष सापडला, ड्रायव्हर बदलू नका.

३ नोव्हेंबर

खात्री करायला पुन्हा सोबत गेलो. काटा जागचा हलला नाही. करंज आला, मागं पडला. उमाजी आरशात बघून किंचाळला, "अण्णा, ती मागनं पळतेय! थांबवू?"

मी म्हटलं, "चालव."

मागं वळून मीही पाहिलं होतं. अनवाणी होती.