मलैहाच्या वाळूत माझ्यावर पाळत

१० डिसेंबर, बुधवार

लेखी करार झाला.

माझी मुलगी सान्वी नऊ जानेवारीला शिकायला रॉटरडॅमला जाणार. म्हणून तिची दोन कुत्री, बकुळी आणि बंड्या, तिच्या मैत्रिणीला म्हणजे झाराला द्यायची, असं माझ्या बायकोने, अर्चनाने, परस्पर ठरवलं होतं. झाराकडे शारजाला व्हिला, अंगण वगैरे. मी म्हणालो, कुत्री माझ्याकडे राहतील. यावर ती आणि दोन्ही मुलं पोट धरून हसली. अर्चनाने विचारलं, त्यांचं खाणं कुठल्या डब्यात असतं ते तरी माहितीये का? मुलगा रेयांश म्हणाला, बाबा, यू कॉल बंड्या बकुळी. असं एकदाच झालं होतं आणि लाइट गेलेले होते.

करार असा: शुक्रवार ते रविवार मी एकटा, भाड्याची कॅरॅव्हॅन, वाळवंट, दोन्ही कुत्री. दोघं धडधाकट परत आली तर घरी राहणार. नाहीतर झारा. चौघांच्या सह्या.

खरं सांगायचं तर संध्याकाळी मी ऑफिसातून आल्यावर उठून दाराशी येणारी ही दोनच जणं आहेत. ते करारात घातलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार, लंच टाइम

दुबईतलं आमचं देराचं ऑफिस. ऑपरेशन्सचा इद्रीस दापोलीचा, माणूस चांगला, पण आज फार गोड बोलत होता. उपेंद्रभाई, कुठला रस्ता घेणार? कुठे थांबणार? वर फावडं, दोरी, पाण्याचे दोन कॅन आणून ठेवले. एवढी चौकशी कशाला? हा अर्चनाला भाभी म्हणतो. मी बावीस वर्षं जहाजांच्या मालाची कागदपत्रं, बिल ऑफ लेडिंग, तपासतोय, कोण काय दडवतंय ते मला वासावरून कळतं. त्याला सांगितलं, अबू धाबीच्या पलीकडे लिवाला जातोय. प्रत्यक्षात शारजाच्या वाळवंटातलं मलैहा. एकदम उलट दिशा.

१२ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी ९

निघालो. कॅरॅव्हॅनवाल्याने रिव्हर्स कसा घ्यायचा ते तीनदा समजावलं. तीनदा का? कोणीतरी त्याला माझ्याबद्दल सांगून ठेवलेलं दिसतंय.

धैदच्या रस्त्यावर मागे पांढरी निसान पॅट्रोल जीप. मी ऐंशीवर, ती ऐंशीवर. मी साठवर, ती साठवर. पंचवीस मिनिटांनी ओव्हरटेक करून गेली. आत आजोबा, आजी आणि चार नातवंडं. सोंग उत्तम वठवलं.

दुपारी ३

जागा झकास. मी ठरवलेला दिनक्रम: पाचला उठणे, प्राणायाम, कुत्र्यांना शिस्त, पाच किलोमीटर चाल. उद्यापासून.

कुत्र्यांच्या खाण्याचा डबा घरी राहिला. कोणी मुद्दाम बाहेर काढून ठेवला असेल का, याचा विचार करतोय. तूर्तास पोहे दिले. बकुळीने वास घेऊन माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही.

संध्याकाळी ६

शंभर पावलांवर दुसरी कॅरॅव्हॅन. अजीज आणि बिलकीस, शारजाला राहतात, मूळचे हर्णैचे. कुत्र्यांशी चाललेलं माझं मराठी ऐकून बिलकीसबाई लगेच आल्या. मला सुरमई, भाकरी. कुत्र्यांना उकडलेलं चिकन, मीठ न घालता. अजीज कुत्र्यांपासून चार हात लांब उभे होते, नमाजाचे कपडे खराब होतील म्हणून, पण बायकोला सांगत होते, त्या जाड्याला अजून दे.

मग बाईंनी विचारलं, नावं काय? वय काय? मानेत ओळखीची चिप आहे का? चिपमध्ये नंबर कोणाचा?

खलास. एवढे प्रश्न कुत्रं घेणाराच विचारतो. ही झाराची माणसं. सुरमई मात्र अप्रतिम होती.

१३ डिसेंबर, शनिवार, सकाळी १०

उठायला साडेआठ झाले. वाळवंटातली हवा जड असते.

स्फोटक शोध! बकुळीच्या गळपट्ट्याच्या आतल्या बाजूला टेपने चिकटवलेली काळी डबी. सुपारीएवढी. आत सिमकार्ड. ट्रॅकर! म्हणजे अर्चना घरी बसून नवरा कुठे आहे ते बघतेय. हा करारभंग आहे. संताप संताप झाला.

सकाळी ११.३०

पेट्रोल पंपावर गेलो. एक चाळीस फुटी कंटेनर खोर फक्कान पोर्टला निघाला होता, ड्रायव्हर करक चहा पीत होता. मी सहज फिरत फिरत मागे गेलो आणि ट्रॅकर कंटेनरच्या दाराच्या दांड्यावर चिकटवला. यल्ला, हबीबी! बसा आता बघत. फोनसुद्धा बंद करून टाकला. कित्येक वर्षांत इतकं हुशार वाटलं नव्हतं.

दुपारी ४.५०

शिस्तीचा पहिला धडा: पट्टा सोडणे. माझ्या आवाजात जरब आहे, त्यामुळे पट्ट्याची गरज नाही.

४.५५

सरडा दिसला. दोघं सरावासाठी पुढे गेली आहेत.

५.१५

अजून पुढेच आहेत.

५.४०

टेकाड चढून पाहिलं. पलीकडे दुसरं टेकाड. हाका मारून घसा बसला. बकुळे म्हणालो, बंड्या म्हणालो, बाळा म्हणालो. इथे कोणी ऐकायला नाही म्हणून लिहितो, मी रडलो. पलीकडे हायवे आहे. बंड्याला गाड्या कळत नाहीत.

६.२०

परत आलो तर अजीजची कॅरॅव्हॅन आहे, गाडी गायब. आता सगळा उलगडा झाला. चिकन, गोड बोलणं, चिप. चोरली! दोघांनी मिळून माझी कुत्री चोरली. पोलिसांना कळवण्यासाठी फोन चालू केला. एकाहत्तर मिस्ड कॉल.

१४ डिसेंबर, रविवार, घरी

काल धड लिहिता आलं नाही. क्रमाने लिहितो.

फोन चालू करताच सान्वी. हुंदके देत होती. तिने ट्रॅकरचं अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं ते शनिवारी दुपारी, आणि दोनपासून कुत्री खोर फक्कानच्या पोर्टमध्ये एका जागी आहेत, असं त्यावर दिसत होतं. माझा फोन बंद. इद्रीस म्हणाला, उपेंद्रभाई तर लिवाला गेलेत. म्हणजे कुत्री चोरून कोणीतरी कंटेनरमध्ये भरली, असं सगळ्यांनी धरलं. इद्रीस सुट्टीच्या दिवशी अर्चनाला आणि सान्वीला घेऊन पोर्टच्या गेटवर. हातापाया पडून त्याने कंटेनर उघडायला लावला. आत बाथरूमच्या टाइल्स.

सान्वीने विचारलं, बाबा, आर दे विथ यू? मी म्हणालो, तसं अगदी सोबत नाहीत.

मग खरं सांगावं लागलं. अर्चनाने फोन घेतला. म्हणाली, तो ट्रॅकर कुत्र्यांसाठी होता रे. सान्वीने बुधवारी लावला, ती हरवू नयेत म्हणून. तुझ्यावर कोण कशाला पाळत ठेवेल?

हे वाक्य कालपासून डोक्यातून जात नाही.

तेवढ्यात सान्वीला दुसरा फोन आला, धैदच्या जनावरांच्या दवाखान्यातून. अजीज आणि बिलकीसने कुत्री हायवेच्या दिशेने पळताना पाहिली, गाडी काढली, चिकन दाखवून पकडली. शुक्रवारी घेतलेल्या नंबरवर मला फोन लावला तर बंद. बंड्याच्या पंजातून रक्त येत होतं, म्हणून अजीजनी मागच्या सीटवर स्वतःची शाल अंथरून दोघांना दवाखान्यात नेलं. तिथे चिप वाचली. चिपमध्ये नंबर सान्वीचा.

मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा पोर्टवरून सगळे आलेले होते आणि बंड्याच्या पंजाला पट्टी होती. मी त्याला उचलून घेतलं आणि सगळ्यांसमोर परत रडलो. बकुळी शेपटी हलवत आली, माझा हात हुंगला आणि बिलकीसबाईंच्या पिशवीजवळ जाऊन बसली. अजीजना म्हणालो, माफ करा. ते म्हणाले, कशाबद्दल? त्यांना माहीतच नाही मी काय काय समजत होतो. इद्रीस टाइल्सची गंमत सांगून सगळ्यांना हसवत होता. लिवाचं नावही काढलं नाही.

घरी करार कोणीच काढला नाही. मीच काढला. अर्चना म्हणाली, राहू दे आता. पण तिनेही फाडला नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

झारा आणि तिची आई येऊन दोघांना घेऊन गेल्या. खाण्याचा डबा मी स्वतः गाडीत ठेवला. कुठला ते आता माहीत आहे.

२२ डिसेंबर, सोमवार, संध्याकाळी ७

ऑफिसातून आलो. दार उघडून थोडा वेळ तसाच उभा राहिलो. कोणी उठून आलं नाही.

झाराच्या आईला मेसेज केला होता, भेटायला येऊ का? उत्तर आलं: भाईसाब, जरूर या. शनिवारी चार ते सहा. फक्त एकटे येऊ नका.

अर्चनाला विचारलं, येशील का? ती शाळेतल्या मुलांचे पेपर तपासत होती. म्हणाली, बघू.