स्थळ पाहावं तसं कॉलेज पाहिलं

१७ मे

...त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. हंडे भरले, अंगण झाडलं, शेळीला पाला टाकला आणि दळणाची ज्वारी निवडायला बसले. अर्धं सूप झालं असेल, तेवढ्यात माझी लेक संस्कृती मोबाईल घेऊन आली. बारावी पास झाले म्हणाली. मी म्हटलं, बरं झालं, चहा ठेव.

आता वाटतं, काहीतरी जास्त बोलायला हवं होतं. पण ते सुचलं दुपारी.

तेव्हापासून घरात एकच विषय – कॉलेज. काकासाहेब, म्हणजे माझे धाकटे दीर, शेजारीच राहतात. "वहिनी, तुम्ही काळजी करू नका, मी बघतो." ते बघतो म्हणाले की मला काळजी लागते.

२० मे

जवळच एक नवीन कॉलेज निघालंय. तिथले दोन सर घरी आले. जागा भरत नाहीत म्हणून बिचारे उन्हात दारोदार फिरतात. पोहे केले. संस्कृतीने आणून दिले आणि ती आत गेली. मुलगी शांत दिसते, म्हणाले. बस दारात येईल, म्हणाले. कॉलेजचं नाव छापलेली पिशवी दिली.

काकासाहेब त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले आणि तिथे म्हणाले, "मुलगी तुमचीच समजा!"

मला खिडकीतून ऐकू आलं. त्यांना हे एकच वाक्य येतं. थोरल्या पुतणीचं लग्न ठरवतानाही हेच म्हणाले होते, फक्त समोर नवरदेवाचे चुलते होते.

२१ मे

सगळं पुणतांबा सल्ला द्यायला मोकळं आहे. किराणावाला म्हणतो, नर्सिंगला टाका. शेजारच्या बनुबाई म्हणतात, जिथे फक्त मुली असतील तिथेच घाला. चक्कीवाला म्हणाला, कॉलेज कुठलंही चालतं, क्लास चांगला लावा. यातलं कुणी कॉलेजात गेलेलं नाही. मीही चौथी पास. पुढचं जे काही वाचलं ते वाचनालयातलं आणि पुडीच्या कागदांवरचं.

तेव्हा मला जे येतं तेच करणार. आमच्याकडे स्थळ पाहायची रीत आहे. न कळवता जायचं. बसायच्या आधी पाणी मागायचं – कोण आणतं, कशात आणतं, त्यावरून निम्मं घर कळतं. परसदार पाहायचं. निघाल्यावर समोरच्या दुकानात चौकशी करायची, कारण घरचे खरं सांगत नाहीत. आणि मुलीला न्यायचं नाही.

२६ मे

पहिलं कॉलेज पाहिलं. नाव लिहीत नाही, उगाच कशाला. पाणी मागितलं तर शिपाई म्हणाला, मावशी, बाटली आणायची ना. मुलींच्या संडासाला कडी नाही. एक मुलगी आत, एक दार धरून बाहेर. मैत्रिणी मात्र लवकर होत असतील.

नापसंत.

२८ मे

दुसरं. पाणी मिळालं. ग्रंथालय पाहू का विचारलं. दाखवलं. पुस्तकं कपाटात, कपाटांना कुलपं, आणि किल्ल्या असलेले सर लग्नाला गेलेले. समोरचा चहावाला म्हणाला, त्यांच्याकडे सारखी लग्नंच असतात.

नापसंत.

घरी आल्यावर संस्कृतीने विचारलं, कसं होतं. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. कपडे वाळत घालायला गेली.

४ जून

नगरचं पाहिलं. पॅसेंजरने गेले.

पाणी थंड, पेला घासलेला. कड्या आहेत आणि लागतात. ग्रंथालय उघडं! मुली वाचत बसलेल्या. तिथल्या बाईंनी मलाही बसू दिलं. एक पुस्तक घेतलं आणि वेळेचं भान राहिलं नाही. झेरॉक्सवाली म्हणाली, माझी स्वतःची पोरगी इथेच आहे. हॉस्टेलही पाहिलं. खोल्यांत उजेड आहे.

येताना रस्त्यावर एक रिक्षावाला ओरडत होता, नागापूर, नागापूर. हे तिथेच कंपनीत होते. खोली करून राहायचे, शनिवारी घरी यायचे. तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी ॲम्ब्युलन्समधून आले. कामावरच छातीत दुखलं, असं बरोबर आलेले लोक म्हणाले. मी ती खोली कधी पाहिली नव्हती. नंतर त्यांचं सामान काकासाहेबांनी आणलं.

नगरचं कॉलेज नापसंत. जिना फार उंच आहे.

६ जून

शनिवार.

१२ जून

नगरच्या यादीत संस्कृतीचं नाव आलं. सोमवारपर्यंत जाऊन प्रवेश घ्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. तिने फॉर्म कधी भरला ते मला माहीत नव्हतं. सायबरमधून भरला म्हणे, सगळीकडचाच.

काकासाहेब म्हणाले, मी शब्द देऊन बसलोय, ते सर रोज फोन करतात, माझं तोंड कुठे दाखवू. मी म्हटलं, जवळचं काही वाईट नाही. बस दारात येते. नगरला जिना फार उंच आहे.

संस्कृती म्हणाली, तू म्हणशील तसं. हे बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

१४ जून

रतनबाई आल्या. माझ्या नणंद, ह्यांच्या थोरल्या बहीण. अकोल्याहून दोन गाड्या बदलून, बरोबर तांदळाचं गाठोडं. जेवताना मी त्यांना सगळी कॉलेजं सांगितली, पाण्यापासून जिन्यापर्यंत. त्यांच्या तीन मुलींची लग्नं त्यांनी स्वतः हिंडून ठरवलीत. स्थळात खोड काढण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

हात धुऊन झाल्यावर विचारलं, "जिना किती उंच हाय गं?"

मी म्हटलं, बराच आहे.

"पोरगी अठरा वर्साची हाय. चढंल." मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "तुला स्थळ नापसंत न्हाई. तुला पोरगीच द्यायची न्हाई. आन नगरला तर न्हाईच. रंगा तिथं गेला म्हनून."

मी ताटं गोळा केली.

"माझा भाऊ हुता तो," त्या म्हणाल्या. "मला बी नगरचं नाव नको वाटतं. पर त्यात पोरीचा काय गुन्हा?"

मी ताटं घासायला बाहेर नेली. घासून झाल्यावरही तिथेच बसून राहिले. आत रतनबाई काकासाहेबांना बोलावून सांगत होत्या, "तू दिलेला शब्द तूच मोड. न्हाई जमलं तर मी येते मोडायला."

१५ जून

आज संस्कृतीला बरोबर घेऊन नगरला गेले. मी फाटकाशी थांबले. ती एकटी आत गेली आणि प्रवेश घेऊन आली.

परतीच्या गाडीत तिला विचारलं, काय शिकणार आहेस. इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. भूशास्त्र, म्हणाली. म्हणजे दगडांचं. मी म्हटलं, दगडांचं काय शिकायचं असतं?

राहुरीपासून पुणतांब्यापर्यंत ती सांगत होती. मी ऐकलं.