उन्हाला पाजलेलं पाणी

८ एप्रिल
सकाळी साडेआठ. पाऊस शून्य. पात्रातलं पाणी कालपेक्षा बोटभर कमी. बादलीभर ओतून खुणेपर्यंत आणलं. ऊन रोज किती पाणी उडवतं ते मोजायचं, हवामान केंद्रात सहा वर्षं हाच उद्योग, सरकारी पगारावर. कावळ्यांनी पिऊ नये म्हणून वर जाळी. तक्त्यावरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलं. नव्या जिल्ह्याचा शिक्का अजून यायचाय.

१२ एप्रिल
गावची विहीर आटली. टँकर उदगीरहून, आला तर. आपल्या केंद्राच्या बोअरला जेमतेम बादलीभर येतं. शेजारची कलावतीबाई कुंपणापाशी घागर घेऊन उभी. सून बाळंत झालीय.
"लेकरू धुवायला पानी न्हाई, अन् तुमी उन्हाला पाजून राहिले व्हय, मास्तर?"
"अभ्यास हाय मावशी, सरकारचा."
"उन्हाळ्यात पानी आटतंय, हे मी फुकटात सांगते की."
बादली पात्रात ओतली.

१३ एप्रिल
बादली तिला दिली. आकडा अंदाजे लिहिला, कालच्यापेक्षा किंचित जास्त. खाली सही केली. काही झालं नाही.

२१ एप्रिल
रोजची बादली कलावतीबाईकडे, पात्र कोरडं ठणठणीत. तळाला माती, एक मेलेला भुंगा. वहीत मात्र रोज पाणी उडतंय. ऊन चढलं की वाढवतो, ढग आला की कमी.
कलावतीबाईने नातू दाखवायला आणला, टाळूला तेल चोपडलेला. बरं वाटायला हवं होतं. हल्ली काहीच वाटत नाही.

३ मे
नव्या जिल्हा कचेरीतले इंजिनिअर जीपने आले. गावाला तलाव बांधायचाय. किती खोल, ते ऊन किती पाणी खातं त्यावर ठरणार. मागची पाच वर्षं काढून दिली. ती त्यांनी बाजूला सारली. "दुष्काळातला एप्रिल हवा. असं ऊन पुन्हा कधी मोजायला मिळणार?"
नक्कल करून उद्या देतो म्हणालो.

४ मे
साडेआठ. दोन कागद पुढ्यात. एकावर एप्रिलचे आकडे. दुसऱ्यावर एवढंच: 'मा. साहेब, ता. १३ पासूनचे आकडे खरे नाहीत.' हा दिला तर नोकरी जाणार. नाही दिला तर तलाव खोट्या आकड्यांवर...
कलावतीबाई आली. "तळं व्हनार म्हनं मास्तर, तुमच्या मोजन्यामुळं! लई भलं झालं."
घागर तिच्या काखेत. बादली भरलेली, पात्र कोरडंच.

दहा वाजले. जीप अकराला. दोन्ही कागद आणि बादली तशीच ठेवून हे लिहितोय. कलावतीबाईही अजून गेलेली नाही.