हमशीरा

४ मार्च
जुळलं! माझी किडनी ताईला चालेल. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि मी त्यांच्या टेबलावरचं पाणी न विचारता पिऊन टाकलं. वर्षभर ताईचं एकच पालुपद — "मशीनवर चाललंय ना माझं? तू कशाला सुया टोचून घेतेस?" शेवटी माझ्या हट्टापुढे तिनं हात टेकले. तेव्हापासून गप्प गप्प असते. थकलीय बिचारी.

५ मार्च
काल पुढचं लिहवेना. डॉक्टरीणबाईंनी दार लोटलं, म्हणाल्या, "तुम्ही रक्ताच्या बहिणी नाही, असं तपासणी सांगते. ऑपरेशन होईल. पण परवानगीसाठी समितीकडे अर्ज करावा लागेल, खरं नातं लिहून, दोघींच्या सह्यांनी."
पन्नाशीला हे ऐकायचं!
मावशीला फोन लावला. आधी आढेवेढे, मग — "शेजारीण बाळंतपणात गेली, मागे कुणी नाही. तू आठ दिवसांची. ताई तेव्हा अंगावर पीत होती, तुझ्या आईनं तुलाही पदराखाली घेतलं."
"ताईला ठाऊक आहे?"
"छे गं, ती सव्वा वर्षाची!"
म्हणजे मलाच सांगावं लागणार. आणि ताई परक्याकडून वाटीभर साखरही घेत नाही. किडनी घेईल?

७ मार्च
शब्दकोशाच्या कामात आज 'ह'च्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. त्यात नेमका 'हमशीरा'. मूळ फारसी. हम म्हणजे आपल्या 'सम'चा भाऊबंद, शीर 'क्षीर'चा. एका दुधावर वाढलेली, म्हणून बहीण. उर्दूत आदबीनं बहीणच. तुर्कीत आधी बहीण, आता दवाखान्यातली नर्स. आपल्याकडे दूधबहीण आहेच. इतक्या भाषा फिरून आला, पण रक्ताचं नाव कुठे काढलं नाही पठ्ठ्यानं. फार हायसं वाटलं. संपादक म्हणाले, "बाई, एका चिठ्ठीवर अख्खी सकाळ?"

८ मार्च
अर्जात नात्यापुढे 'दूधबहीण' लिहिलं. उद्या ताईकडे.

९ मार्च
ताईनं अर्ज वाचला, चष्मा पुसला, सही ठोकली. म्हणाली, "माझ्या वाटणीचं दूध ढोसलंस, आता काढ किडनी." मग हळूच — "आईनं जाताना सांगितलं होतं मला. तपासणीत तुला कळेल, म्हणून तर वर्षभर नको म्हणत होते."